एका पत्त्यावर दोन बिऱ्हाडं

साताऱ्याला मावशीच्या गच्चीवरची पाण्याची टाकी गेल्या वर्षापर्यंत कधी ओसंडली नव्हती. मोटार लावायची, जिन्याच्या तळाशी स्टूल टाकून बसायचं आणि कान वर ठेवायचा, ही तिची पद्धत. टाकी रिकामी असताना पाणी ढबढब पडतं, अर्ध्यावर आलं की आवाजातला पोकळपणा जातो, आणि काठाशी पोचता पोचता तो बारीक होत जवळजवळ गप्प होतो. त्या गप्प होण्याच्या जरा आधी मावशी उठून बटण बंद करायची. अकराव्या वर्षापासून तिला दिसत नाही, आणि सत्तरी ओलांडल्यावरही हा अंदाज चुकत नसे.

मग शेजारच्या प्लॉटवर इमारत उठायला लागली. सकाळी आठपासून काँक्रीटचा मिक्सर, त्यात ड्रिल. मावशीला पाणी ऐकू येईना. चार वेळा टाकी वाहिली, समोरच्या बाईंच्या वाळत घातलेल्या पापडांवर पाणी गेलं आणि प्रकरण माझ्यापर्यंत आलं. "तू कॉम्प्युटरवाला ना, काहीतरी कर," असं मावशीने फोनवर सांगितलं. कॉम्प्युटरवाला पाण्याच्या टाकीचं काय करणार, असं मी म्हणालो नाही. खरं तर मला हे असले उद्योग हवेच असतात.

पुण्यात तपकीर गल्लीतून मी एक आर्डुइनोच्या धर्तीचा, म्हणजे छोटा प्रोग्राम चालवणारा, स्वस्तातला बोर्ड, एक अल्ट्रासॉनिक सेन्सर आणि एक बझर आणला. सेन्सर टाकीच्या झाकणाखाली लावायचा. तो आपल्या कानांना न ऐकू येणारा आवाज खाली सोडतो, पाण्यावर आपटून परत यायला किती वेळ लागला ते मोजतो, आणि आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो या हिशेबाने पाणी किती खाली आहे ते काढतो. हे मावशीला समजावलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे तोही ऐकूनच ठरवणार. मग माझ्यात आणि त्याच्यात फरक काय?" "तो मिक्सरला फसत नाही," मी म्हणालो. ते तिला पटलं.

प्रोग्राम तासाभरात लिहून झाला. बोर्ड लॅपटॉपला जोडला, बोर्डावरचा लाल दिवा लागला, आणि प्रोग्राम चढवायला गेलो तर पोर्टांच्या यादीत काहीच नाही.

लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवर असं काही झालं की माझा हात ठरावीक क्रमाने फिरतो. आधी वायर. घरातल्या वायरींपैकी निम्म्या फक्त चार्जिंगच्या असतात, त्यांतून वीज जाते, अक्षर जात नाही, आणि बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. तीन वायरी बदलल्या. मग परवानगी. सिरियल पोर्ट, म्हणजे माहिती एका रांगेत पाठवणारी जुन्या धाटणीची जोडणी, वापरायला माझ्या लिनक्सवर तुमचं नाव 'डायलआउट' नावाच्या गटात असावं लागतं. आज टेलिफोनने इंटरनेटला कुणी डायल करत नाही, पण मोडेमच्या काळातला हा गट अजून टिकून आहे, गाव उठून गेल्यावर वेशीचं नाव राहावं तसा. माझं नाव गटात होतंच. म्हणजे प्रश्न अजून खालच्या मजल्यावर होता.

शेवटी डीमेसेज उघडलं. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, स्वतःशी जे पुटपुटत असतो ते या आज्ञेने वाचता येतं. बहुतेक लोकांना तो मजकूर रुक्ष वाटतो. मला तो आवडतो. मशीनची जी काही रोजनिशी असेल ती तीच. बोर्ड काढला, पुन्हा लावला आणि ओळी वर सरकताना पाहिल्या. नवीन यूएसबी वस्तू सापडली. सीएच३४१ हा ड्रायव्हर, म्हणजे त्या वस्तूशी बोलणारा कर्नलचा माणूस, तिला जोडला गेला. तिच्या पोर्टला टीटीवाययूएसबी० हे नाव मिळालं. इथपर्यंत सगळं सुरळीत. आणि पुढचीच ओळ: इंटरफेस शून्य सीएच३४१ च्या ताब्यात असताना 'बीआरएलटीटीवाय' कॉन्फिगरेशन एक लावतो आहे. लगेच खाली: कन्व्हर्टर टीटीवाययूएसबी० पासून सुटला.

नाव मिळालं आणि दोन सेकंदांच्या आत गेलं. बारशालाच कुणीतरी पाळणा उचलून न्यावा तसं.

बीआरएलटीटीवाय हे अक्षरांचं जंजाळ मी त्याआधी पाहिलं होतं, म्हणजे कुठल्या कुठल्या याद्यांमध्ये नजरेखालून गेलं होतं, पण ते काय आहे हे कधी विचारलं नव्हतं. टीटीवाय म्हणजे टेलिटाइप. १९६९ साली बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसनने युनिक्स लिहायला घेतलं तेव्हा संगणकाशी बोलायची सोय म्हणजे टेलिटाइपचं खडखडणारं यंत्र. कागदावर टंकायचं, उत्तर कागदावर यायचं. यंत्रं गेली, पण युनिक्सच्या वंशात आजही प्रत्येक टर्मिनल टीटीवायच. आणि बीआरएल म्हणजे ब्रेल, म्हणून पुढे मी त्याला ब्रेलटीटीवायच म्हणतो. संगणकाच्या पडद्यावरचा मजकूर ब्रेलच्या पट्टीवर उमटवणारा हा प्रोग्राम १९९५ पासून चालत आला आहे, आणि त्यावर काम करणाऱ्यांत स्वतः डोळ्यांशिवाय काम करणारी माणसं आहेत.

ब्रेलपट्टी ही काय चीज आहे हेही सांगायला हवं, कारण मीही त्या दिवशीच नीट वाचलं. कीबोर्डपुढे ठेवायची एक लांबट पेटी असते. तिच्यावर वीस, चाळीस किंवा ऐंशी घरं, प्रत्येक घरात आठ बारीक खिळे. पुस्तकातल्या ब्रेलला सहा ठिपके पुरतात, संगणकाला आठ लागतात. विजेचा दाब दिला की किंचित वाकणाऱ्या पट्ट्या खिळ्यांना खालून ढकलतात, खिळे वर येतात, बोटाला ओळ वाचता येते, आणि पुढच्या ओळीसाठी ते सगळे पुन्हा आपली जागा बदलतात. इतकी नाजूक कारागिरी असल्यामुळे किंमत पुष्कळदा लाखाच्या पुढे जाते.

पण माझ्या साडेतीनशे रुपयांच्या बोर्डाशी या पट्टीचा काय संबंध?

प्रत्येक यूएसबी वस्तू जोडली गेल्यावर आपली ओळख म्हणून दोन आकडे सांगते, एक बनवणाऱ्याचा आणि एक वस्तूचा. माझ्या बोर्डावर नानजिंगच्या एका कंपनीची सीएच३४० ही चिप आहे, आणि ती १ए८६ : ७५२३ असं सांगते (संगणकाच्या या आकड्यांत ए ते एफ ही अक्षरंही येतात). ही चिप काही यंत्राचं मुख्य काम करत नाही. यूएसबीची भाषा आणि जुन्या सिरियल पोर्टची भाषा यांच्यामधली ती दुभाषी. स्वस्त असल्यामुळे जगभर कशाकशात बसलेली आहे. बहुतेकदा तिला स्वतःचा सिरियल नंबरही नसतो. सिरियल चिप आणि सिरियल नंबर नाही, हा विनोद मला दर वेळी नव्याने सुचतो आणि घरी कुणी हसत नाही. तर असं की माझा बोर्ड, तुमचं तिकीट छापणारं एखादं यंत्र आणि तिसऱ्याचं काही, सगळे दारात येऊन एकच नाव सांगतात.

आणि यांच्यात एक ब्रेलपट्टीही आहे. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसचा अंध वाचकांसाठी एक विभाग आहे, तो वाचकांना ब्रेल पुस्तकं वाचायला वीस घरांचं एक यंत्र उसनं देतो. त्याच्या एका प्रकारात हीच चिप आहे. ब्रेलटीटीवायच्या नियमांच्या फाइलमध्ये तसं लिहिलेलंच सापडलं. यूडेव्ह नावाची जी व्यवस्था आहे, म्हणजे आलेल्या वस्तूची ओळख पाहून कुणाला बोलवायचं ते ठरवणारी, तिच्यासाठीची ही ८५ आकड्याने सुरू होणारी फाइल. १ए८६ : ७५२३ दिसलं की ब्रेलटीटीवायला जागं करा, असा नियम, आणि त्याच्या डोक्यावर टीप, की ही ओळख सर्वसाधारण आहे, कुणाचीही असू शकते. लिहिणाऱ्यांना ठाऊक होतं.

पुढचं सगळं मग सरळ आहे. आलेली वस्तू खरोखर ब्रेलपट्टी आहे का हे कळायला तिला हाक मारून पाहावी लागते. ओ आली तर पट्टी, नाही आली तर दुसरं काही. पण हाक मारायला दार आपल्या ताब्यात हवं, आणि दारात आधीच कर्नलचा सीएच३४१ बसलेला. त्याला उठवल्याशिवाय विचारता येत नाही. ब्रेलटीटीवाय त्याला उठवतो. माझा बोर्ड बिचारा ओ देत नाही, त्याला ब्रेल कुठे येतं, पण तोपर्यंत टीटीवाययूएसबी० पुसलं गेलेलं असतं.

२०२२ च्या एप्रिलमध्ये उबुंटूची, म्हणजे लिनक्सच्या एका लोकप्रिय अवताराची, २२.०४ ही आवृत्ती आली तेव्हापासून हे दुखणं फार जणांना भेटलं आणि त्यावर एक उपाय सर्वत्र रूढ झाला: ब्रेलटीटीवाय काढून टाका. तुम्हाला लागतच नाही. मीही तेच केलं. एक ओळ टंकली, पासवर्ड दिला, दहा-बारा सेकंदांत काम झालं. बोर्ड लावला, पोर्ट दिसला, राहिला. त्या क्षणाचा आनंद काय असतो हे ज्याने रात्री एक वाजता एखादा ड्रायव्हर जिंकला आहे त्यालाच कळेल. मी उठून चहा केला.

माझ्या पिढीला या भांडणांची सवय जुनी आहे. पीसीक्वेस्ट मासिकाबरोबर मिळालेल्या सीडीवरून मी पहिल्यांदा लिनक्स चढवलं. त्या काळचं भांडण वेगळं होतं, ते वाटणीचं होतं. संगणकात आयआरक्यूच्या सोळा ओळी असायच्या, शून्य ते पंधरा, आणि प्रत्येक कार्डाला प्रोसेसरला हटकण्यासाठी त्यातली एक लागायची. बऱ्याचशा आधीच वाटलेल्या. पहिला आणि तिसरा सिरियल पोर्ट दोघेही चार नंबरवर, दुसरा आणि चौथा तीनवर. पहिल्या पोर्टावर माउस आणि तिसऱ्यावर मोडेम लावलात की माउस हलवताच फोन तुटायचा. तेव्हा पेटी उघडून कार्डावरची काळी प्लॅस्टिकची टोपी, जंपर, चिमट्याने उपटून शेजारच्या दोन खिळ्यांवर बसवायची. बसवताना ती हमखास पडायची आणि कपाटाखाली जायची. पण एक होतं, तिथे वाट्याला जागा कमी होती म्हणून भांडण होतं आणि तोडगा म्हणजे जागा बदलणं होता. कुणाला घराबाहेर काढावं लागत नसे. नंतर यूएसबी आली, जागा मुबलक झाल्या, आणि भांडण ओळखीवर येऊन ठेपलं. सातबाऱ्यावर एकच गट नंबर आणि दोघांची नावं, दोघांचेही कागद खरे, असा प्रकार. मोठी मोठी भांडणं आहेतच, ग्राफिक्स कार्डाच्या दोन ड्रायव्हरांची तर पिढीजात आहेत, एकाचं नाव काळ्या यादीत टाकल्याशिवाय दुसरा नांदत नाही. त्यांच्यापुढे माझं प्रकरण फारच किरकोळ.

किरकोळ म्हणूनच त्याच आठवड्यात मी आणखी एक गोष्ट केली. ज्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेची देखभाल माझ्याकडे आहे तिथे तेवीस संगणक आहेत आणि तिथली मुलं हेच बोर्ड वापरतात. त्यांचीही तक्रार होतीच. चार ओळींची स्क्रिप्ट लिहिली आणि तेविसांवरून ब्रेलटीटीवाय एका झटक्यात उतरवलं. लॅबच्या सरांनी आभार मानले.

रविवारी साताऱ्याला गेलो. बोर्ड प्लॅस्टिकच्या डब्यात घालून टाकीशी लावला, बझरची वायर जिन्याच्या कठड्याने खाली आणली. मावशी जिन्यात बसून वायर कुठे कुठे अडकवतोय ते बोटांनी तपासत होती आणि एका जागी "इथे कपडा अडकेल" म्हणून तिने ती पुन्हा काढायला लावली. काम करता करता मी तिला सगळी कथा सांगितली. ब्रेलचं नाव आलं तशी ती लक्ष देऊन ऐकू लागली. पट्टीवर खिळे वरखाली होतात हे तिला फार आवडलं.

"मग काय केलंस?"

"काढून टाकलं."

"कुणाच्या कॉम्प्युटरवरून?"

"माझ्या. आणि कॉलेजातल्या तेवीस."

ती काही बोलली नाही. थोड्या वेळाने हसायलाच लागली. मावशी एका बँकेत टेलिफोन ऑपरेटर होती, सत्तावीस वर्षं. तिच्या बोर्डावर कुठली लाइन वाजतेय ते दिव्यांनी कळायचं, म्हणजे दिसणाऱ्याला. तिच्यासाठी एका जुन्या मेकॅनिकने दिव्यांच्या शेजारी छोटे खिळे बसवून दिले होते. लाइन आली की खिळा उचलायचा, बोट फिरवलं की कळायचं. ती एकदा आठ दिवस रजेवर गेली, तेवढ्यात बोर्ड दुरुस्त करायला नवा माणूस आला. त्याने पाहिलं, हे जादाचं काहीतरी कुणीतरी लावलंय, नकाशात कुठे नाही, काढून टाकलं आणि बोर्ड छान पुसून दिला. "आले, बसले, बोट फिरवलं तर सगळं गुळगुळीत! दोन दिवस मी एकेका लाइनला हॅलो हॅलो करत होते. मॅनेजरलाच तीनदा हॅलो केलं."

"मग त्या माणसाला काही बोललीस?"

"त्याला काय बोलायचं? त्याने काम चोख केलं होतं."

टोमणा मारायचा तिचा स्वभाव नाही. तिने गोष्ट सांगितली आणि चहाचं आधण ठेवायला गेली. मी कठड्याला खिळा मारत राहिलो, पण मनात हिशेब सुरू झाला होता. मुळात हा प्रोग्राम सगळ्यांच्या मशीनवर न विचारता बसवून का देतात, याची मला त्या मध्यरात्री चीड आली होती. ज्यांना हवं त्यांनी घ्यावं की! पण ज्याला पडदा दिसत नाही त्याने ते घ्यायचं कसं? घेण्याची आज्ञा टंकायला आधी मशीनने काय म्हटलंय ते वाचता यायला हवं, आणि ते वाचायची सोय तर याच प्रोग्राममध्ये. कुणा डोळसाला बोलावून आणावं लागणार. आपली पट्टी कुठल्याही मशीनला लावली की ती आपसूक बोलू लागावी, एवढ्यासाठीच तो तिथे आधीपासून जागत बसलेला असतो. कॉलेजात असा विद्यार्थी आज नसेल. पुढच्या जूनमध्ये आला, त्याने पट्टी लावली आणि सगळं गुळगुळीत लागलं, तर त्याला हे कळायला मार्ग नाही की मशीन बिघडलंय, पट्टी बिघडलीय, की कुणीतरी चोख काम करून गेलंय.

पुण्याला परतल्यावर दुरुस्ती केली. ती करायला पंचवीस मिनिटं लागली, म्हणजे काढून टाकण्यापेक्षा कितीतरी जास्त, आणि एवढंच तिच्याविरुद्ध म्हणता येईल. ब्रेलटीटीवाय परत बसवलं. त्याची नियमांची फाइल यूएसआर-लिब या फोल्डरमधून, जिथे प्रोग्राम आपल्या फाइली ठेवतात, ईटीसी या मालकाच्या फोल्डरमधल्या रूल्समध्ये त्याच नावाने उतरवून घेतली. एकाच नावाच्या दोन फाइली असल्या तर यूडेव्ह ईटीसीमधली प्रमाण मानतो, आणि नवी आवृत्ती आली तरी ती पुसली जात नाही. मूळ फाइलीत खाडाखोड केली असती तर पुढच्या अपडेटला गेली असती. मग उतरवलेल्या फाइलीत १ए८६ : ७५२३ ची ती एक ओळ शोधून तिच्या आधी फुलीसारखं चिन्ह टाकलं, म्हणजे ती ओळ वाचली जाते पण पाळली जात नाही. यूडेव्हला नियम पुन्हा वाचायला सांगितलं. बोर्ड लावला, पोर्ट आला, राहिला. बाकीच्या सगळ्या पट्ट्यांचे नियम जसेच्या तसे. तेवीस मशीनवर तेच केलं. कुणी अमेरिकेतून नेमकं ते वीस घरांचं यंत्र घेऊन आला तर त्याचं अडेल, हे आहेच. लॅबच्या दारावर माझा नंबर लिहिलेला कागद होता, त्याच्याखाली मी मुद्दाम कुणाकडून तरी ब्रेलमध्येही तो करून लावायचं म्हणतोय. अजून झालेलं नाही.

दिवाळीत पुन्हा साताऱ्याला गेलो तर मावशीने आपली वही काढली. घरात बसवलेल्या प्रत्येक वस्तूची तीत नोंद असते, गिझर, इन्व्हर्टरची बॅटरी, सगळं. जाड कागद पाटीच्या चौकटीत अडकवायचा आणि टोच्याने उजवीकडून डावीकडे ठिपके पाडत जायचं. कागद उलटला की ते डावीकडून उजवीकडे वाचता येतात.

"तुझ्या त्या डबीचा नंबर सांग. बिघडली तर दुसरी आणायला."

"तिला नंबर नसतो मावशी. असतो तो सगळ्यांचा एकच."

"तो सांग."

"एक, ए, आठ, सहा."

टोचा थांबला. "एक आणि मग ए?"

"हो. का?"

"एक म्हणजे पहिला ठिपका," ती म्हणाली. "ए म्हणजेही पहिलाच ठिपका. आपला अ सुद्धा तोच."

"मग ओळखायचं कसं?"

"आधी खूण द्यायची. आकडा येतोय, अशी एक खूण. नंतर, आता अक्षर आलं, ही दुसरी. मग परत आकड्याची." ती उजवीकडून टोचत गेली. टोच्याचा आवाज बारीक, ठक ठक ठक. चार चिन्हांना सात घरं लागली. मग तिने कागद सोडवला, उलटा केला आणि माझं बोट धरून त्यावरून फिरवलं. मला सगळे ठिपके सारखेच लागले. पुन्हा फिरवलं. दुसऱ्या घरावर एकटा ठिपका, चौथ्या घरावर तसाच एकटा ठिपका.

"यातला ए कुठला?"

ती सांगणार इतक्यात वर टाकी भरली आणि जिन्यातला बझर कोकलायला लागला.

"कर्कश आहे मेला," म्हणत मावशी मोटार बंद करायला उठली.